पाकळीचा ल आणि काचेवरच्या टाळ्या

गेल्या दिवाळीत पुण्यास धाकट्या बंधूंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांची नात साडेचार वर्षांची आहे. दुपारची जेवणे आटोपली की ती टॅब्लेट मांडीवर घेऊन बसे आणि अक्षरे गिरवण्याचा एक खेळ खेळे. पडद्यावर ठिपक्यांचे अक्षर उमटे. बोट कोठून कोठे न्यायचे ते एक हिरवा बाण दाखवी. बोट त्या वाटेने गेले की अक्षर रंगाने भरून जाई, वरून तारे पडत आणि टाळ्यांचा कडकडाट होई. चुकले तर एक घुबड मान हलवून 'पुन्हा प्रयत्न कर' असे म्हणे. आम्ही हे सारे कौतुकाने पाहत होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आमच्या वाट्याला घुबड आले नव्हते, मास्तर आले होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या भावजयीने नातीपुढे पाटी ठेवली आणि 'ल काढून दाखव' म्हणून सांगितले. मुलीने झरझर ल काढला. तो उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी पुस्तकांत असतो तसा ल होता. आजी म्हणाली, "अगं, हा आपला ल नव्हे. आपल्या ल ला दोन पाकळ्या असतात. थांब, मी दाखवते." मुलीने आजीकडे पाहिले आणि अगदी शांतपणे उत्तर दिले, "नाही आजी, हाच बरोबर आहे. याला टाळ्या वाजतात."

या युक्तिवादाला आजीपाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नव्हते. एरवी घरात कोणत्याही विषयावर दोन मते ऐकू येतात; त्या दुपारी एकही ऐकू आले नाही.

ल चा मुद्दा त्यातल्या त्यात लहान आहे, म्हणून तो आधी संपवतो. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहावा ही आपली जुनी रूढी. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यातही तीच रूपे ग्राह्य धरली आहेत. संगणकाच्या लेखी मात्र मराठी ल आणि हिंदी ल हे एकच अक्षर होय. युनिकोडमध्ये दोहोंना मिळून एकच क्रमांक आहे आणि ते दिसावे कसे हे टंक ठरवतो. (हा मजकूर आपल्यापुढे ज्या टंकात आला आहे त्यात कोणता ल उमटला आहे, हे जाता जाता पाहून घ्यावे.) चांगल्या टंकांत दोन्ही रूपे असतात आणि मजकूर मराठी आहे एवढे यंत्राला सांगितले की पाकळ्या आपोआप येतात. गिरवण्याच्या खेळात बोटाची वाट हाताने आखावी लागते, म्हणून तेथे थोडे अधिक काम पडते. ते काम कोणी केलेले नाही, इतकेच. हिंदीसाठी रचलेला खेळ मराठीचे नाव लावून बाजारात आणायचा, तर ध्वनिमुद्रण बदलले की भागते अशी समजूत दिसते. आम्ही त्या खेळात ळ शोधला. नव्हता. मग बाळ, शाळा, फळा आणि खुद्द खेळ हे शब्द मुलीने कशाने लिहावेत? चमचा आणि चिमणी यांतला च लिहिताना एक, बोलताना दोन. खेळातली ताई दोन्हीकडे चिमणीचाच च म्हणत होती. असो. या चुका दुरुस्त होण्याजोग्या आहेत आणि कोणी मनावर घेतले तर महिन्याभरात दुरुस्त होतील.

टाळ्यांचे तसे नाही. टाळ्या ही चूक नव्हे, ती त्या खेळाची मूळ कल्पनाच आहे.

साडेचार वर्षांच्या मुलीने 'बरोबर' या शब्दाचा अर्थ काय लावला होता, ते पाहावे. आजीच्या पाटीवरचे, दारावरच्या पाटीवरचे, वर्तमानपत्राच्या मथळ्यातले अक्षर जसे दिसते तसे आपले दिसले म्हणजे बरोबर, असा तो अर्थ नव्हता. ज्याला टाळ्या वाजतात ते बरोबर. घरात पाकळीचे ल शेकड्यांनी विखुरलेले होते. दिनदर्शिकेवर होते, साखरेच्या पिशवीवर होते. तिने त्यांच्याशी आपला ल ताडून पाहिला नाही, कारण ताडून पाहण्याचे काम आपले आहे हेच तिला कोणी कळू दिले नव्हते. ते काम यंत्र करीत होते आणि निमूटपणे नव्हे, वाजतगाजत करीत होते.

बालशिक्षणाच्या इतिहासात ज्या थोड्या कल्पना खरोखर मोलाच्या ठरल्या, त्यांतली एक नेमकी याच्या उलट आहे. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात दट्ट्यांची एक पेटी असते. लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे, डोक्यावर पकडायला छोटी मूठ असलेले दहा दट्टे. दट्टे सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी बसवायचे. जाड दट्टा बारीक भोकात जात नाही. बारीक दट्टा रुंद भोकात जातो खरा, परंतु तेथे तो खुळखुळतो. आणि सर्वांत गंमत अशी की तो चुकीच्या जागी बसल्याचे त्या क्षणी मुलाला कळतेच असे नाही. शेवटी एक दट्टा हातात उरतो, एक भोक रिकामे उरते आणि दोघांचे जमत नाही. मूल थबकते. ठोकळ्याकडे पाहते. कोणी 'चूक' म्हटलेले नसते, घुबडाने मान हलवलेली नसते. कोठे तरी मागे काही बिनसले आहे, एवढे मात्र मुलाला दिसते. मग ते एकेक दट्टा पुन्हा बाहेर काढू लागते. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला त्या थबकण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्या वेळी बाईंनी तोंड मिटून बसावयाचे असते. आणि शिक्षकाला याहून अवघड काम नाही.

आपल्याकडे हा विचार आला तो मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात येण्याच्या बराच आधी. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले, तेथे ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. रोमहून आलेली पेटी गावातल्या आणि पाड्यावरच्या मुलांना परवडणारी नव्हती. तेव्हा खडे, शिंपले, बिया, पाने, काटक्या हेच साहित्य झाले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा मुलांच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात गेली. १९७५ सालच्या सरकारी योजनेच्या केंद्रांना जे नाव मिळाले ती अंगणवाडी त्या कामातून आली. साहित्य बदलले, तरी चिंचोका मोजताना एक उरला की तो का उरला हे मुलानेच शोधायचे, ही गोष्ट बदलली नाही.

आज मॉन्टेसरी हे नाव कितीतरी पडदेखेळांच्या जाहिरातीत मिरवते. त्या बाईंची काचकागदाची, म्हणजे सुतार लाकूड घासायला वापरतात त्या कागदाची अक्षरे होती. बोट अक्षरावरून घसरले की गुळगुळीत पुठ्ठा लागे आणि बोटालाच ते समजे. काचेवर अक्षर आणि अक्षराबाहेरची जागा दोन्ही सारखीच गुळगुळीत. बोट वाटेवरून ढळले तर रंग तेथे उमटतच नाही. म्हणजे मुलाला आपले वाकडे अक्षर पाहायला मिळतच नाही! सरळ तरी कशाच्या तुलनेत म्हणायचे? पाटीवर वाकडा ल निदान समोर राहतो, आजीला हसू येते, मग मुलीलाही येते.

बक्षिसांविषयी एक जुना प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढले तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने सहज म्हणून ठेवली, तेव्हा ताऱ्याच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. बक्षीस मिळणे बाधले नाही. बक्षिसासाठी करणे बाधले. पन्नासएक मुलांवरच्या एका प्रयोगावर फार मोठी इमारत उभारू नये, हे आम्ही जाणतो. परंतु दर अक्षरामागे तारे पाडणाऱ्यांनी तो एकदा तरी वाचायला हरकत नव्हती.

इथवर लिहून आम्ही लेखणी खाली ठेवली असती, तर हा लेख पडद्याला नावे ठेवणाऱ्या शंभर लेखांतला एकशेएकावा झाला असता. तसे झाले नाही याला कारण आमच्या इमारतीचा जिना.

आमच्या मजल्यावर दोन घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई आपल्या मुलाला बरोबर आणतात. मुलगा चार वर्षांचा. अंगणवाडी दुपारी सुटते, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून आईचे काम संपेपर्यंत तो जिन्याच्या पायरीवर आईचा मोबाइल घेऊन बसतो. येता-जाता त्याला पाहून आमच्या मनात जे विचार येत ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. ते त्याच्या आईविषयीचे होते आणि अन्यायाचे होते. एकदा त्याची परीक्षा पाहण्याच्या दुष्ट हेतूने आम्ही त्याच्या शेजारी बसलो. 'एक, दोन, तीन' तो वीसपर्यंत घडाघडा म्हणाला. ते आम्हांला अपेक्षित होते. अंक म्हणता येणे आणि मोजता येणे या निराळ्या गोष्टी आहेत. दहापर्यंत पाढा म्हणणाऱ्या मुलाला 'तीन दे' म्हटले की ते मूठभर देते, हे मुलांत वावरणारे सगळेच जाणतात. म्हणून आम्ही खिशातून शेंगा काढल्या आणि म्हटले, "आजोबांना चार दे बरं." त्याने एकेक करून चार शेंगा दिल्या आणि हात मागे घेतला. सात मागितल्या, सात दिल्या. आम्ही ओशाळलो.

मग त्याने आपण होऊन खेळ दाखवला. त्यात एक बेडूक आहे. बेडकाच्या पोटावर एक आकडा असतो आणि बाजूला माश्या उडत असतात. माश्या ओढून त्याच्या तोंडात टाकायच्या आणि झाले असे वाटले की घंटा वाजवायची. घंटा मुलाने वाजवायची, खेळाने नव्हे. कमी माश्या झाल्या असतील तर बेडूक तोंड उघडे ठेवून नुसता बसून राहतो. जास्त झाल्या तर वरची माशी बाहेर पडून उडून जाते. बरोबर असल्या तर बेडूक तोंड मिटतो आणि डुबकी मारतो. तारे नाहीत, टाळ्या नाहीत, आवाज बहुतेक नाहीच. मुलगा मध्येच थांबे, बेडकाच्या उघड्या तोंडाकडे पाही आणि ओठ हलवत पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. ते थबकणे आम्ही ओळखले. ते दट्ट्यांच्या पेटीपुढचे होते.

तेव्हा पडद्यावर हे होऊच शकत नाही, असे आता आम्हांला म्हणता येणार नाही. काच दोघांपुढेही होती. पुण्यातल्या घरात आजी-आजोबा, पाटी, गोष्टींची पुस्तके हे सारे असताना मुलीचा निर्णय यंत्राने आपल्याकडे घेतला होता. जिन्यावरच्या मुलापाशी यातले काहीच नसता यंत्राने तो त्याच्याकडे राहू दिला होता. कोणता खेळ कोणाच्या हाती पडला हा मात्र शुद्ध योगायोग. त्या आईने बेडूक निवडला नव्हता, तो फुकट होता आणि मोबाइलमध्ये जागा कमी घेत होता म्हणून राहिला. आमच्या पुतण्याने घुबडासाठी वर्षाचे पैसे भरले होते.

आणखी एक गोष्ट त्या जिन्यावर घडली आणि ती आमच्या ध्यानात उशिरा आली. शेंगांचा खेळ आम्ही दुसऱ्या दिवशीही खेळलो, तिसऱ्याही. मोबाइल बाजूला पडला असे नव्हे. बेडकाला द्यायचे आणि आजोबांना द्यायचे असे आलटूनपालटून चाले. २०१५ साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास यावरून आठवला. त्यात पहिलीतली ५८७ मुले होती, म्हणजे आपल्या बालवाडीच्या वयाहून थोडी मोठी. टॅब्लेटवर अंकांची छोटी गोष्ट आईवडिलांनी मुलाबरोबर वाचायची आणि तिच्यातल्या प्रश्नांवर बोलायचे, एवढेच करायचे होते. आठवड्यातून एकदोनदा हे करणाऱ्या घरांतली मुले वर्षाअखेर गणितात पुढे गेलेली आढळली आणि ज्यांच्या आईवडिलांना स्वतःला गणिताची धास्ती होती त्यांच्या मुलांत हा फरक सर्वांत ठळक होता. पडद्याने तेथे मुलाला शिकवण्याबरोबर घाबरलेल्या बापालाही बोलते केले असावे, असा आमचा अंदाज आहे.

हे सगळे ज्यांच्या हाती आहे त्यांचा हेतू काय, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली पाच वर्षांखालील मुलांसाठीची १३५ अ‍ॅप तपासली. त्यांपैकी ९५ टक्क्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात जाहिरात होती. काही खेळांत आवडते पात्रच मुलाला काहीतरी विकत घ्यायला सुचवते. बाजारात असे चालते हे आम्हांला ठाऊक आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ बसून पडदा पाहू देऊ नये, कमी तितके बरे. हा सल्ला योग्यच आहे. परंतु घड्याळ लावून सुटणारा हा प्रश्न नव्हे. घुबडाचा तास आणि बेडकाचा तास घड्याळात सारखाच भरतो.

म्हणून आमची मागणी घड्याळाची नाही. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि त्यांतल्या सेविकांच्या हाती मोबाइल आहेतच. आज ना उद्या त्या मोबाइलवर मुलांसाठी खेळ येणार. ते कोणी तरी निवडील. निवडणाऱ्याने रंग, गाणी आणि अभ्यासक्रमाशी जुळणी तपासण्याआधी चार वर्षांच्या एका मुलाला तो खेळ देऊन शेजारी गप्प बसावे आणि ते मूल कोठे थबकते का, एवढे पाहावे. एकदाही थबकले नाही तर तो खेळ परत पाठवावा, मग तो कितीही नावाजलेला असो. आणि त्यात ळ आहे का तेही पाहावे. आपल्याकडे बालवाडीच्या कामात आयुष्य घातलेल्या शिक्षिका अजून आहेत. असे खेळ रचताना त्यांतल्या किती जणींना बोलावले जाते, याविषयी आम्हांला शंका आहे. बेडूक कोणी रचला ते आम्ही शोधू शकलो नाही, पण रचणाऱ्याने कधी तरी मुलांना खडे मोजताना पाहिले असले पाहिजे.

दिवाळीनंतर आम्ही त्या अक्षरखेळाच्या निर्मात्यांना सविस्तर पत्र लिहिले. मराठीत लिहिले. पाकळीचा ल, देठाचा श, ळ, दोन च आणि टाळ्या अशा क्रमाने सर्व मांडले. सोबत आजीच्या पाटीचे छायाचित्र जोडले. बारा दिवसांनी इंग्रजीत उत्तर आले. आमच्या अभिप्रायाबद्दल ते आभारी होते, आमचे म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले होते. शेवटी एक विनंती होती, की आम्हांला त्यांचा खेळ आवडला असल्यास त्याला पाचपैकी पाच तारे द्यावेत. तारे कोठे टिचकी मारून द्यायचे ते दाखवायला खाली एक हिरवा बाण होता.